कानोत्याच्या सात कुंभारणी

मोरेश्वर खानझोडे भित्रा माणूस होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कोणीतरी भुवया चढवील, की एकतीस वर्षं शास्त्राच्या ऑफिसात काढलेला माणूस असा कसा वागला. असाच वागला. घरातला फ्यूज बदलायचा तर हा पायात रबरी चप्पल घालायचा, खाली लाकडी पाट ठेवायचा आणि बायकोला हातात कोरडी काठी देऊन शेजारी उभी करायचा. गाडी दुपारी दोनची असली की सकाळी अकरालाच जयपूर जंक्शनवर वळकटीवर बसलेला. बायको जयंती नागपूरच्या महालातली. जयपूरच्या पंचवीस-तीस उन्हाळ्यांनीही तिची जीभ वाळली नव्हती. ती म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथं उलटं आहे बाप्पा. ब्रह्मराक्षस पुढं पळून राहिला अन् हे त्याच्या मागं."

आणि नशिबाची थट्टा अशी, की अशा माणसाला नोकरी मिळाली ती डंख मारणाऱ्यांची. विद्याधर नगरच्या एका टोकाला केंद्र सरकारचं छोटंसं कीटक-संग्रहालय होतं. आसपासचे पानवाले त्याला 'कीड़ों का दफ़्तर' म्हणत. मोरेश्वर तिथे तांत्रिक सहायक. रानात जाऊन जाळीने किडे धरायचे, बरणीत मारायचे, टाचणीवर चढवायचे, आणि टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी लावायची: कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कोणी धरला. साहेब लोक येत आणि बदलून जात. पेट्यांमधले किडे आणि चिठ्ठ्यांवरचं मोरेश्वरचं राईएवढं अक्षर तेवढं जागच्या जागी राही.

चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे केर. कितीही दुर्मीळ असो, कुठला ते माहीत नसेल तर शास्त्राच्या लेखी त्याची किंमत शून्य. नव्याने आलेल्या प्रत्येक साहेबाला मोरेश्वर हे सांगायचा, जणू त्या साहेबाला ते माहीतच नाही. ह्या एका बाबतीत तो भीत नसे. डायरेक्टरने एकदा तारीख दोन दिवस मागची घालायला सांगितली, दौऱ्याचं काहीतरी जुळवायचं होतं, तर हा पापभीरू माणूस मान खाली घालून म्हणाला, "साहेब, बाकी काहीही सांगा." डायरेक्टर ओशाळले. ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती, आणि अनुया देशकरलाही.

अनुया बँकेतल्या अधिकाऱ्याची मुलगी. वडिलांची बदली जयपूरला झाली तेव्हा ती चौथीत होती, मग इथेच वाढली, मानसरोवरात. मराठी बोलायची पण अडखळत, मधेच हिंदीचा टेकू घेत. ह्याच संग्रहालयातल्या गांधीलमाश्यांवर तिने पीएच.डी. केली आणि २००५ साली तिथेच शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाली. मोरेश्वर तिला नियमाने मॅडम म्हणे, ती त्याला काका म्हणे. रुजू झाल्यावर तिने हाती घेतलेलं पहिलं काम म्हणजे राजस्थानातल्या कुंभारणींची यादी.

कुंभारीण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. लांब देठासारखी कंबर, ओली माती तोंडात धरून आणते, खिडकीच्या चौकटीवर नाहीतर ट्यूबलाइटच्या पट्टीवर इवलंसं मडकं घडवते. त्यात आळ्या आणून कोंडते, अंडं घालते, तोंड लिंपून निघून जाते. आणि आपल्याकडे बायका काय म्हणतात तेही सगळ्यांना माहीत आहे. कुंभारणीने घरात घर केलं की त्या घरात पाळणा हलणार. ते घर मोडायचं नाही, कुंभारणीला मारायचं नाही. मारली तर पोटातलं मूल.

पुढचं वाक्य कोणी पुरं करत नाही. जयंतीही करत नसे.

मोरेश्वर हे मानत नव्हता. मानत नव्हता, पण २००३ साली काय झालं ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. त्या श्रावणात त्याने आमेरच्या एका जुन्या दगडी छत्रीच्या घुमटाखालून कुंभारणीची अकरा घरं खरवडून आणली होती, माश्यांसकट. त्याच आठवड्यात त्याची मुलगी शर्वरी, सातवा महिना चालू असलेली, दवाखान्यात गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. कारण व्यवस्थित होतं, कागदावर लिहिलेलं होतं. जयंतीने मोरेश्वरला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. भांडली असती तर त्याने शास्त्र सांगितलं असतं.

दीड वर्षाने शर्वरीला पुन्हा दिवस राहिले. जावई फौजेत, सीमेवर बिकानेरकडे. म्हणून ती पाचव्या महिन्यातच मानसरोवरला माहेरी आली. आणि ऑगस्टमध्ये, ती झोपायची त्या खोलीच्या खिडकीवर, कुंभारणीने मडकं घडवायला घेतलं.

जयंतीने मोरेश्वरला खोलीच्या दारात अडवलं. "हे पाहा जी, ह्या वेळी मी तोंड उघडतो. त्या घराले हात लावायचा नाही. इथलंच नाही, कुठलंच. बाळंतपण होईस्तोवर एकबी कुंभारीण मारायची नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

शर्वरी पलंगावर बसली होती. "आई, मतलब, काहीही काय," असं म्हणाली खरी, पण मान मात्र पुढे केली. मोरेश्वरने हात ठेवला.

आणि दुसऱ्याच सोमवारी अनुयाने त्याला जयपूरबाहेर कानोत्याच्या धरणावर धाडलं. "काका, बांधाच्या काठाला ओली माती आहे, तिथे पक्क्या मिळतील. सात-आठ तरी आणा."

जीप घेऊन सुखदेव ड्रायव्हर बरोबर होता. तो बांधावर गाडी लावून सावलीत बिडी ओढत बसला. मोरेश्वर जाळी घेऊन पाण्याकडे उतरला. कुंभारणी होत्या तिथे. चिखलाच्या कडेला उतरत होत्या, पायांत मातीची गोळी वळत होत्या. एक इतकी जवळ होती की तिला नुसत्या बरणीनेही झाकता आली असती. त्याने जाळी उचलली. त्याला शर्वरीची पुढे केलेली मान दिसली, भांगातलं कुंकू दिसलं. दोन तास तो तिथे उभा होता आणि त्याने एक फुलपाखरूसुद्धा धरलं नाही. परत जीपमध्ये बसताना सुखदेवने विचारलं, "मिला कुछ, बाबूजी?" मोरेश्वर म्हणाला, "मिला."

झालं. एकदा तोंडातून गेलं. 'काही मिळालं नाही' असं अनुयाला सांगता आलं असतं, तिने पुन्हा धाडलं असतं, पुन्हा तेच. खरं कारण सांगायचं तर शास्त्रज्ञ पोरीपुढे कुंभारणीला भ्यालो असं कबूल करायचं. एका भीतीपायी दुसरी भीती, आणि दोघींच्या मधे हा.

त्याच्या टेबलाखाली पत्र्याचा एक डबा होता. त्यात बेवारस किडे होते, कधीकाळी चिठ्ठ्या गळालेले, कसरीने खाल्लेले, पावसात भिजलेले. नियमाप्रमाणे फेकायचे, पण मोरेश्वरचा जीव होत नसे. त्यात वीसेक जुन्या कुंभारणी होत्या. काळ्या-तांबूस, लांब देठाच्या, अगदी कानोत्याच्या काठावर पाहिलेल्या तशा. त्यातल्या चांगल्या सात त्याने निवडल्या, ओल्या वाळूच्या बरणीत दोन दिवस ठेवून मऊ केल्या, गंजक्या टाचण्या काढून नव्या घातल्या, पाय नीट पसरले. मग टाक बुडवून, राईएवढ्या अक्षरात, सात चिठ्ठ्या लिहिल्या. राजस्थान, जयपूर, कानोता बांध. २२ ऑगस्ट २००५. मो. स. खानझोडे.

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. हात जरासुद्धा थरथरला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

ऑक्टोबरात शर्वरी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, अवनी. काळीभोर, टपोऱ्या डोळ्यांची, रडायला लागली की सगळी कॉलनी गोळा करणारी. मोरेश्वरने तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मनाशी म्हणाला, सात मेलेल्या माश्या आणि सात कागदाचे कपटे. कोणाचं काय गेलं?

दीड वर्ष तरी काही गेलं नाही. अनुया आधी मधमाश्यांच्या कामात गुंतली, मग सहा महिने प्रशिक्षणाला बाहेर होती. सात कुंभारणी पेटीत पडून राहिल्या. मोरेश्वरची निवृत्ती आली तीन महिन्यांवर, मे अखेर. आणि २००७ च्या फेब्रुवारीत एका सकाळी अनुयाने ती पेटी काढली.

किडा ओळखायचा तक्ता असतो. त्यात जोडीजोडीने प्रश्न असतात: असं आहे, का तसं? असं असेल तर अमुक ओळीवर जा, तसं असेल तर तमुक. ओळ उतरत उतरत शेवटी नाव हाती लागतं. अनुया सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बोलायची आणि मोरेश्वर शेजारी बसून लिहून घ्यायचा. पहिल्या चार माश्या सरळ गेल्या. पंख लांबीत दुमडलेले, म्हणजे गांधीलमाश्यांचं कुळ. नखी दुभंगलेली, जबडा सुरीसारखा लांब, म्हणजे कुंभारीण. देठ लांब, म्हणजे आपल्याकडची नेहमीची प्रजाती, डेल्टा. त्या काळच्या कोणा साहेबाला नावं सुचेनाशी झाली असावीत, त्याने ग्रीक बाराखडीतली अक्षरंच एकेका प्रजातीला वाटून टाकली होती.

पाचवी माशी अडली. देठापर्यंत सगळं जुळलं. मग पंखाच्या मुळाशी, खांद्याजवळ, अनुया थांबली. माशी फिरवली, दिवा फिरवला, पुन्हा पाहिलं. "काका, इथे तक्ता चालत नाही. ना असं आहे, ना तसं."

"जुनी असेल, झिजली असेल," मोरेश्वर म्हणाला.

"जुनी कशी? तुम्हीच तर आणली, दोन हजार पाचला." ती हसली. "तुमची चिठ्ठी आहे."

तीन दिवस ती त्या एका माशीवर बसली. भारतातल्या प्रजातींचा तक्ता संपला, आफ्रिकेचा झाला. एकेका प्रश्नाला ती मोठ्याने 'नाही' म्हणायची आणि मोरेश्वर वहीत फुली मारायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याला प्रत्येक फुलीत आपलं नाव दिसायला लागलं. चौथ्या दिवशी तिला कोणी परदेशातून ईमेलने दक्षिण अमेरिकेतल्या कुंभारणींचा तक्ता पाठवला. तिने तो छापून घेतला आणि पहिल्या ओळीपासून उतरायला लागली. ह्या वेळी 'हो' यायला लागले. देठाची घडण, हो. खांद्याजवळचं, हो. पोटाच्या दुसऱ्या खंडाची कड, हो. मोरेश्वर लिहीत होता आणि मनात म्हणत होता, एक तरी नाही निघो, देवा, एक तरी.

"झीटा," अनुया म्हणाली. डोळा नळीवरून काढला तेव्हा तिच्या भुवईवर त्या नळीचा गोल वळ उठला होता. "काका, ही झीटा आहे. मतलब, अमेरिकेतली. मेक्सिकोपासून खाली, सगळा गरम पट्टा. इथे कुणी कधी पाहिलीच नाही."

मोरेश्वर पाणी पिऊन येतो म्हणून उठला. पाण्याकडे गेला नाही. मागच्या खोलीत जाऊन त्याने आवक-नोंदीचं जुनं रजिस्टर काढलं, तो नोकरीला लागायच्याही आधीचं. १९७४ च्या पानावर होतं ते: परदेशी संग्रहालयाशी अदलाबदल, ब्राझील, कुंभारीण माश्या, बारा नग. खाली दुसऱ्या शाईत: छत गळून पेटी भिजली, चिठ्ठ्या नष्ट. त्याने रजिस्टर मिटलं आणि होतं तिथे, होतं तसं ठेवलं. कपाटाला धरून तो थोडा वेळ उभा राहिला.

पुढचे दहा दिवस त्याने कसे काढले त्यालाच ठाऊक. अनुयाला तर पंख फुटले होते. माशी आली कशी याचा तिने शोध लावूनही टाकला: दगड कापायची यंत्रं परदेशातून लाकडी खोक्यांत येतात, खोक्यावर मातीचं मडकं चिकटून आलं असणार. डायरेक्टरांनी चहा मागवला. वर्तमानपत्रवाल्याला बोलवायचं ठरलं. अनुयाने लेख लिहायला घेतला आणि एका दुपारी पहिलं पान आणून मोरेश्वरपुढे ठेवलं. वर दोन नावं होती. तिचं, आणि मो. स. खानझोडे.

"तुमच्याशिवाय झालंच नसतं," ती म्हणाली. "तुम्ही रिटायर व्हायच्या आत छापून येईल, मी बघते."

एकतीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या लेखांखाली, आभाराच्या ओळीत बारीक अक्षरात छापून आला होता. त्याने आपलं नाव वाचलं आणि पान दोन्ही हातांनी धरून पुन्हा वाचलं. अनुयाला वाटलं आनंदाने.

कोणी म्हणेल, सांगून का नाही टाकलं? सोपं आहे म्हणायला. सांगितलं तर चौकशी, चौकशी म्हणजे पेन्शन अडकणार, जन्माची अब्रू जाणार. न सांगावं तर पोरीच्या नावावर खोटं छापून येणार. आज ना उद्या कोणीतरी कानोत्याला येऊन शोधणार, काहीच मिळणार नाही, मग तिला विचारणार. तिची सगळी नोकरी पुढे पडली होती. हे झालं उघड भय. त्याखाली एक दुसरं होतं, ते त्याने स्वतःशीसुद्धा नीट उच्चारलं नव्हतं. ती शपथ त्याने पाळली, म्हणून अवनी आली. ती शपथ पाळता यावी म्हणून खोटं बोलला. आता ते खोटं उचलून फेकलं, तर त्याच्या मोलाने आलेलं काही परत मागितलं जाईल का?

म्हातारी माणसं सांगतात, कुंभारीण आळीला कोंडते, आणि आत आळी भीतीने कुंभारणीचाच ध्यास घेते, होता होता कुंभारीणच होऊन बाहेर पडते. मोरेश्वर नव्या मुलांना हसत सांगायचा, तसलं काही नाही बरं, आत अंडं असतं, ते फुटतं आणि पिल्लू आळीला जिवंत खातं. त्या दहा दिवसांत त्याला दोन्ही खरं वाटायला लागलं.

एका संध्याकाळी त्याने जयंतीला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. निवडतच राहिली.

"उद्या सांगतो मॅडमला," तो म्हणाला.

"सांगा ना. मी काहून अडवू?" मग तिचा हात थांबला. "पण मले एक भीती वाटून राहिली. शपथ होती जी ती. शपथेपायी केलेलं मोडू नये."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अवनीला ताप होता. एकशे दोन. मोरेश्वर ऑफिसला गेला, अनुयासमोर उभा राहिला, आणि "लेखात कानोता इंग्रजीत कसं लिहायचं" असलं काहीतरी विचारून परत आला. दिवसभरात त्याने घरी सात वेळा फोन केला. संध्याकाळी ताप उतरला. दाढ येत होती. शर्वरी म्हणाली, "बाबा, तुम्ही इतके का घाबरलात?" त्याने अवनीला उचलून घेतलं.

शनिवारी लेख पाठवायचा होता. शुक्रवारी सकाळी अनुया म्हणाली, "काका, आज कानोत्याला जाऊ. एखादं घर मिळालं, जुनं फुटकं का होईना, तर फोटो टाकता येईल. तुम्ही नेमकी कुठे धरली ती जागा दाखवा."

बांधाला पाणी कमी होतं. मोरेश्वरने एक जागा दाखवली, मग तिथे काही मिळेना म्हणून दुसरी, मग तिसरी. तो पुढे चालायचा, ती मागून वाकून प्रत्येक दगडाची खाच बघायची. ऊन चढलं. तिचा चेहरा लाल झाला होता, गुडघे मातीने भरले होते, आणि तरी ती कंटाळत नव्हती. मोरेश्वरच्या पाठीवरून घाम ओघळत होता. तिने आता म्हणावं की जाऊ दे, मिळत नाही, एवढंच तो मागत होता.

ती म्हणाली, "तिथे."

सांडव्याच्या भिंतीला वरून हातभर खाली एक पट्टी बाहेर आली होती आणि तिच्याखाली मातीचं काहीतरी चिकटलेलं दिसत होतं. अनुया भिंतीवर चढली, पोटावर झोपली आणि खाली हात घालायला लागली. पोचेना. ती आणखी पुढे सरकली. आता कंबरेपर्यंत बाहेर. खाली पंधरा-वीस फुटांवर कोरडे दगड होते. तिचा बूट भिंतीवर घासला आणि थोडी खडी खाली गेली. मोरेश्वरला ती दगडांवर आपटल्याचा आवाज ऐकू आला.

"मॅडम, मागं या," तो म्हणाला. आवाज जेमतेम फुटला.

"एक मिनट, काका. अगदी बोटाला लागतंय."

ती आणखी सरकली, आणि मोरेश्वर खानझोडे जन्मात ओरडला नव्हता तसा ओरडला. "नाहीये तिथे काही. मागं ये, पोरी. ती माशी इथली नाहीच. मी धरलीच नव्हती."

सुखदेव जीपमधून उतरून उभा राहिला. अनुया हळूहळू मागे सरकली, भिंतीवरच उठून बसली. "काय म्हणालात?"

मग त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, हात जोडल्यासारखे छातीशी धरून. शर्वरीचं आधीचं बाळ, खिडकीवरचं मडकं, डोक्यावर ठेवलेला हात, जाळी उचलून दोन तास, पत्र्याचा डबा, ओली वाळू, सात चिठ्ठ्या. १९७४ चं रजिस्टरसुद्धा. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. सांगताना त्याला एक विचित्र गोष्ट जाणवली, की भीती उतरत होती, ताप उतरतो तशी, पायाकडून. आता ती रागवेल, डायरेक्टरांकडे जाईल, पेन्शन अडकेल, ठीक आहे. पोरीचं नाव खराब होण्यापासून वाचलं होतं. ती भिंतीच्या कडेवरून मागे आली होती.

अनुया रागावली नाही. ती हातावरची माती खरवडत बसली. मग विचारलं, "अवनी बरी आहे ना?"

"बरी आहे. दाढ येत होती."

"मी लेख नाही पाठवत. डायरेक्टरांना मी सांगते, ओळखण्यात माझी चूक झाली. तुमची पेन्शन..." ती थांबली. मग तिचं काहीतरी मोजून झाल्यासारखं वाटलं, आणि ती वर बघायला लागली. 

"काका, माझ्या थीसिसमध्ये तुमचे तीनशे चाळीस नमुने आहेत. आमेर, सांभर, रामगढ. जंगलात मी एकदाही गेले नव्हते. सगळं तुमच्या चिठ्ठ्यांवर."

"ते सगळं खरं आहे. एकेक. देवाशपथ."

"कशावरून?"

तिने टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होती, सूक्ष्मदर्शकाशी बसून विचारते तसं, हो का नाही ते कळावं म्हणून. मोरेश्वरने तोंड उघडलं. आमेरची छत्री त्याला डोळ्यांपुढे दिसत होती, सांभरच्या मिठाचा वास येत होता, रामगढला कुठल्या बाभळीखाली डबा खाल्ला तेही आठवत होतं. पण ह्यातलं काही दाखवता येत नव्हतं. दाखवायला त्याच्याजवळ फक्त त्याचं अक्षर होतं, आणि तेच अक्षर त्या सातही चिठ्ठ्यांवर होतं. तितकंच बारीक, तितकंच नीट.

"कशावरूनच नाही, मॅडम," तो म्हणाला.

पेन्शनचं काही झालं नाही. अनुयाने शब्द पाळला, डायरेक्टर दोन दिवस घुश्शात होते एवढंच. मे अखेर शाल-श्रीफळ मिळालं आणि भाषणात प्रामाणिकपणाची ती तारखेची गोष्टही सांगितली गेली. पण ते नंतर. कानोत्याहून आल्यावर, सोमवारी सकाळी, अनुयाने चिकटवायच्या लाल ठिपक्यांची पाकिटं आणली आणि एक नंबरच्या कपाटापासून सुरुवात केली. मो. स. खानझोडे नाव असलेल्या प्रत्येक चिठ्ठीला एक ठिपका, म्हणजे पुढे वापरणाऱ्याने जपून वापरावं. अकरा हजारांच्या वर नमुने होते, आणि कुठला कुठल्या खणात आहे हे तिला शोधत बसावं लागलं असतं. मोरेश्वर उठला, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि एकेक खण काढून तिच्या हातात द्यायला लागला.